डोंगराचं नाणं आणि चोपड्याचं शेत

डिचोलीच्या बाजारात माझं दुकान आहे. पाटीवर 'दागिने' लिहिलेलं आहे आणि ते अगदीच खोटं नाही. नथ सांधायला, पैंजणाचा घुंगरू बसवायला लोक अजून येतात. पण माझा जीव काउंटरच्या मागच्या उथळ खणात अडकलेला असतो. तिथं रोमन राजवटीतली ग्रीक नाणी ठेवलेली आहेत. हे ऐकल्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "सोन्याची?" मी म्हणतो, "नाही, बहुतेक काशाची, तांब्याची." दुसरा प्रश्न विचारायला माणूस थांबत नाही.

माझी बायको सुनीता त्या खणाला स्मशान म्हणते. "मेल्या राजांची तोंडं पुसून पुसून तुमचंही तोंड तसलंच झालंय," असं ती पाहुण्यांसमोर सांगते. पाहुणे निरखून बघतात आणि मान डोलावतात.

ही भानगड काय ते थोडक्यात सांगतो. आज जिथं तुर्कस्तान, सीरिया, इजिप्त आहे, त्या भागात एके काळी ग्रीक बोलणारी शहरं होती. रोमनांनी ती जिंकली. राज्य रोमचं झालं, तरी बाजारात लागणारी चिल्लर आपापली पाडायची मुभा बऱ्याच शहरांना राहिली. अट एवढीच, की एका बाजूला सम्राटाचं मुंडकं हवं. मग दुसऱ्या बाजूला त्या लोकांनी आपल्याला हवं ते घातलं: गावचा देव, गावचं देऊळ, नदी, द्राक्षाचा घोस, कुठं खेकडासुद्धा. अक्षरंही आपली, ग्रीक. वर साहेबाचा फोटो लावायचा आणि आत आपला कारभार चालवायचा, हे गोव्यातल्या माणसाला समजवावं लागत नाही. आमच्या पेडणे-डिचोलीत पोर्तुगीज तसे उशिरा आले, आणि गेले तेव्हा पाव, कदेल म्हणजे खुर्ची आणि जनेल म्हणजे खिडकी, एवढं मागे ठेवून गेले. देव मात्र आमचे आम्हीच सांभाळले.

मोठे संग्राहक ह्या नाण्यांना नाक मुरडतात. ग्रीक नाणीवाल्यांना ती ओबडधोबड वाटतात, रोमन नाणीवाल्यांना गावठी. मला ती आवडली ती त्यामुळेच, मीही तसा गावठीच.

मला हे वेड लावलं वेर्नर नावाच्या एका जर्मन म्हाताऱ्यानं. तो दर हिवाळ्यात हरमलला येऊन राहायचा. एकदा गळ्यातली साखळी तुटली म्हणून स्कूटर घेऊन डिचोलीला आला. पैसे द्यायला पँटच्या बोल्सात हात घातला, तर किल्ल्या, शेंगदाणे आणि चार-पाच काळी नाणी काउंटरवर पडली. मी भिंग लावून बघितलं आणि साखळी सांधायची विसरलो. त्या हिवाळ्यात त्यानं मला काउंटरवर खडूनं ग्रीक अक्षरं शिकवली. नथ घ्यायला आलेल्या बायका ती पुसून टाकायच्या. तो पुन्हा लिहायचा.

पुढं मी परदेशातून मातीनं माखलेली नाणी मागवायला लागलो. ती साफ करायची आणि ज्यांना अशा गोष्टींची चव आहे त्यांना द्यायची. हे काम दागिन्याच्या अगदी उलट. दागिना चकचकीत केला की गिऱ्हाईक खूश, नाणं चकचकीत केलं की ते मेलंच. ते शुद्ध पाण्यात महिनोन्महिने भिजत ठेवायचं, लाकडी काडीनं कणाकणानं माती काढायची आणि शेवटी वर पातळ मेण लावायचं, म्हणजे हवेनं हिरवी बुरशी धरत नाही. आमच्या दमट हवेत हे मेण म्हणजे नाण्याचं औषध.

आणखी एक सांगतो, कारण पुढं ते लागणार आहे. ही नाणी यंत्राची नव्हेत. तापलेला धातूचा तुकडा साच्यावर ठेवायचा, वर दुसरा साचा धरायचा आणि हातोडा हाणायचा. हाणणाऱ्याचा हात कधी इकडे गेला, कधी तिकडे. त्यामुळे एकाच साच्यातली दोन नाणीसुद्धा सारखी नसतात. एखाद्याला कान नसतो, एखाद्याच्या देवळाचा खांब बाहेर गेलेला असतो. नाणं एकदा हातून गेलं की मला चेहऱ्यासारखं लक्षात राहतं. माणसं तेवढी राहत नाहीत, अशी सुनीताची तक्रार आहे. तिच्या मावशीला मी अजून दोनदा नाव विचारतो.

गिऱ्हाइकंही ह्या धंद्यात वेगळीच. हरमलला बाबल नावाचा एक शॅकवाला, म्हणजे किनाऱ्यावरचा हॉटेलवाला, आहे. त्यानं माझ्याकडं नीरो सम्राटाचं इजिप्तमधलं नाणं बघितलं. तीच जाड मान, तीच दुहेरी हनुवटी. बायकोला घेऊन आला. तिनं एकदा नाण्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि म्हणाली, "शेटानू, हो तुमच्याकडं येवन बसताना घरातलीं कामां कोण करता?" बाबलनं नाणं घेतलं, त्याचा फोटो काढून मेनूवर छापला. महिनाभरात परत आला, तोंड उतरलेलं.

"शेटानू, ह्याणें आपल्या आवयक मारली म्हणतात. खरें?"

"आईला मारलं, ते खरं."

"आणि गाव पेटयलो?"

"तसं लोक म्हणतात. ते काही नक्की नाही."

"म्हाका दुसरो दिया. मान अशीच जाय, पूण स्वभाव बरो."

मी त्याला वेस्पासियन दिला. मानेनं भरभक्कम, राज्यकारभाराला बरा. "ह्याका केंस नात," बाबल कुरकुरला. "तुमचेही फार दिवस राहत नाहीत," मी म्हटलं. वेस्पासियननं मुतारीवर कर बसवला होता हे मात्र मी सांगितलं नाही. उगाच शॅकवाल्याच्या डोक्यात कल्पना नको.

असे दिवस मजेत चालले होते. मग एका थंडीच्या सकाळी चोपड्याहून सदानंद नावाच्या गृहस्थाचा फोन आला. खाणीच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. माझी नि त्याची तोंडओळख होती.

"शेटानू, आमच्या शेतात नाणें मेळ्ळां. मास्तरान मोबायलार बघून सांगलां, रोमन म्हणून. तुमी येवन बघा. आज आयल्यार बरें."

त्याच्या आवाजात आनंद नव्हता. का ते मला तिथं गेल्यावर कळलं.

चोपडे म्हणजे शापोरा नदीच्या काठचं गाव. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तिथल्या प्रत्येक बांधावर कोणी तरी पांढऱ्या बुटात उभं असतं. सदानंदाचं शेत डोंगराच्या पायथ्याशी, नदीकडं उतरत गेलेलं. दिल्लीच्या एका माणसाला ते बंगले बांधायला हवं होतं आणि बोलणी पक्की होत आली होती. फक्त बहिणीची सही बाकी. गोव्यात बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा मुलाएवढाच. तिनं सही केल्याशिवाय जमीन हलत नाही. त्याच बहिणीला मिरचीची रोपं लावताना कुदळीखाली हे नाणं मिळालं होतं, आणि शेत पुरातन ठरलं तर सरकार विक्री अडवणार.

शेतात अर्धा गाव जमला होता आणि बांधाच्या अलीकडे चपलांची रांग लागली होती. मला वाटलं कोणी गेलं की काय. तर कोणी गेलं नव्हतं, सातेरी प्रकटली होती. आमच्याकडं सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात, वारुळाला रोयण म्हणतात. नाण्याच्या एका बाजूला म्हणे साक्षात रोयण होती. गावचा पंच पुढं झाला. "शेट, हांगा दोन हजार वर्षांपूर्वी बंदर आसतलें. आमी बोर्ड लावया. तुमी फक्त लिवन दिया."

मी बांधावर बसलो, नाणं हातात घेतलं आणि भिंग लावलं.

एका बाजूला सेव्हेरस सम्राट. त्याची दाढी नाण्याच्या कडेबाहेर गेलेली, न्हावी अर्ध्यात उठून गेल्यासारखी. दुसऱ्या बाजूला उंच टोकदार डोंगर, वर एक तारा, आणि कडेला एक चीर. हा तुर्कस्तानातला डोंगर. तिथल्या कैसरिया शहराचे लोक त्यालाच देव मानायचे आणि प्रत्येक सम्राटाच्या पाठीवर तोच ठोकायचे. नाणं शंभर टक्के अस्सल होतं.

आणि ते वेर्नरचं होतं. ती दाढी, ती चीर मी भिंगाखाली कितीतरी दिवस बघितली होती. मीच ते साफ केलं होतं, मीच मेण लावलं होतं. खाऱ्या नदीकाठच्या मातीत तांब्याचं नाणं शतकानुशतकं पडलं असतं तर त्याचं हिरवं ढेकूळ झालं असतं. हे वरून चिखल फासलेलं आणि आतून तुकतुकीत.

मी मान वर केली. समोर सदानंदाची बहीण उभी होती. हातात कुदळ, पदर कमरेला खोचलेला. मी तिला चांगला ओळखत होतो. ती हरमलची लक्ष्मीवयनी. नवरा गेल्यापासून घरच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्यानं देते. त्यातल्या एका खोलीत वेर्नर राहायचा. तिच्या हातची सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी मी त्याच्याबरोबर कितीदा खाल्ली होती.

"वयनी, जरा पाणी मिळेल?" मी म्हटलं.

ती मला शेताच्या टोकाच्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपीत, घेऊन गेली. तिनं कळशीतून पाणी ओतलं. तांब्या देताना माझ्याकडं बघितलं नाही.

"वयनी, वेर्नरचं नाणं तुमच्याकडं कधीपासून?"

"तुमी वळखलें?"

"दाढीवरून."

"हांवें माती बरी फासली होती मगे," ती म्हणाली.

"फासलीत उत्तम. पण खाली माझं मेण आहे. शेतातल्या नाण्याला मेण कोण लावणार? उंदीर?"

तिला हसू आलं. पदर तोंडाला लावून हसली, आणि मग ते हसू मध्येच थांबलं.

वेर्नरला वयामुळं आता प्रवास झेपणार नव्हता. शेवटच्या हिवाळ्यात निघताना त्यानं ते नाणं तिच्या हातावर ठेवलं होतं. तिनं त्याला एकदा कुळाराला, म्हणजे माहेरी, हे शेत दाखवायला आणलं होतं. तुझ्या शेतावर डोंगर आहे, म्हणून हे तुला, असं म्हणाला होता.

"पण वयनी, एवढं नाटक कशाला? सही तुमच्याच हातात आहे. करू नका."

"सही हातान करतात, शेटानू. नाका तोंडान म्हणचें पडता. भावाक हांवें केन्नाच नाका म्हटलां ना. बापूय गेल्यार त्याणें म्हजें लग्न केलें, घोव गेलो तेन्ना तोच धांवत आयलो. हांव नाका म्हटलें तर म्हजें कुळार बंद. नाण्यान नाका म्हटलें तर तो कोणावर रागावतलो? सरकारावर रागाव म्हणावें."

आमचं 'नाका' म्हणजे 'नको'; तेवढा एक शब्द तिला भावासमोर उच्चारता येत नव्हता. बाहेर पंच कोणाला तरी बंदराची लांबी-रुंदी समजावत होता.

"वयनी," मी म्हटलं, "जमिनीतलं जुनं नाणं सरकारला कळवावं लागतं. मामलेदाराची माणसं येतील, जाणकार येतील. मी जे दोन मिनिटांत बघितलं ते त्यांनाही दिसेल. मग ते तुम्हाला विचारतील, गावासमोर. मी खोटं लिहून देऊ शकत नाही. नाव मात्र कोणाचं घेणार नाही."

"सांगा जें आसा तें," ती म्हणाली. "तुमचो धंदो तो." आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मी पाणी प्यायलोच नव्हतो.

बाहेर येऊन मी सांगितलं. नाणं खरं आहे, पण ह्या मातीतलं नाही. अलीकडं कोणी तरी साफ केलेलं आहे, कोणाच्या तरी हातून इथं पडलं असेल. पर्यटक काय कमी फिरतात? आणि ही रोयण नव्हे, दूरच्या देशातला डोंगर आहे, तिथले लोक त्याची पूजा करायचे.

पंचाचा चेहरा पार उतरला. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "डोंगर काय आनि रोयण काय, मातीच ती," आणि नमस्कार करून चपला शोधायला गेली. एकेक जण चपला घालू लागला. देव परत गेल्यावर माणसं किती पटकन चपला घालतात ते मी तेव्हा बघितलं.

सदानंदाच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "म्हणजे आडखळ ना," तो म्हणाला. "लक्ष्मी, सोमवारीं सही करूया."

लक्ष्मीवयनीनं कुदळ जमिनीवर ठेवली.

"नाका."

सदानंदाला कळलंच नाही. "सोमवारीं नाका तर मंगळवारीं."

"मंगळवारीं पण नाका. केन्नाच नाका. आवयन म्हाका ह्या शेतांत लावणी शिकयली. हांव सही करचें ना." आता ती खाली बघत नव्हती.

चपला घालणारे लोक तसेच एका पायावर थांबले. सदानंदानं माझ्या हातातलं नाणं उचललं, खिशात टाकलं आणि बहिणीकडं पाठ करून म्हणाला, "तर मग कुळाराक येवं नाका."

तो घराकडं चालू लागला. ती उरलेली रोपं लावायला बसली. मी स्कूटर सुरू केली, दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली.

त्यानंतरचे महिने मला बरे गेले नाहीत. सुनीतानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "जन्मात एकदा खोटं बोलला असता तर तुमचे राजे काय उठून भांडायला येणार होते?" मी तिला आमच्या धंद्यात शब्दाची किंमत काय असते ते समजावलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं. माझं मला मात्र पटेना. त्या बाईनं स्वतःला आडोसा म्हणून एक डोंगर उभा केला होता आणि मी तो भिंग लावून काढून घेतला होता. दिल्लीवाला दुसरीकडं गेला, शेत तसंच राहिलं. पण चवथीला, म्हणजे गणपतीच्या सणाला, लक्ष्मीवयनी कुळाराला गेली नाही, हे मला बाबलच्या बायकोकडून कळलं. मी नाण्यांचा खण तेव्हा फारसा उघडत नव्हतो.

दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी असते. त्या गर्दीत सदानंद आला आणि सगळ्या बायका जाईपर्यंत कोपऱ्यातल्या कदेलावर बसून राहिला. मग रुमाल उघडून नाणं काउंटरवर ठेवलं.

"ह्याका भोंक पाडून साखळेंत घालूंक मेळात?"

"नाण्याला भोक?" मी ओरडलोच. "त्यापेक्षा माझ्या नाकाला पाडा, मी नथ घालतो."

तो हसला नाही. "भावबीज आसा," तो म्हणाला. "तिका ओवाळणी."

मी कदेल ओढून त्याच्या समोर बसलो. "सदानंदबाब, हे नाणं खरं म्हणजे..."

"त्या जर्मनाचें. म्हाका खबर आसा. त्याणें दिलें त्याच आठवड्यांत तिणें म्हाका दाखयल्लें. ती विसरली. हांव विसरूंक ना."

म्हणजे शेतात मी भिंग लावून न्यायाधीशासारखा बसलो होतो, तेव्हा समोरच्या भावाला ते नाणं कोणाचं ते ठाऊक होतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कितें बोलूं? चार माणसांत भयणीक लबाड म्हणूं? तुमचेर सोडलें. तुमी तिचें नांव घेतलें आसतें तर तुमच्या दुकानाची पायरी हांव चडलों नासतों." मग म्हणाला, "म्हाका राग तो नाका म्हटल्याचो ना. म्हाका येवन सांगूंक जाय आशिल्लें. भाव काय वाघ?"

"सांगितलं तेव्हा तुम्ही तिला येऊ नको म्हणालात."

त्यानं माझ्या तराजूकडं बघितलं. एक पारडं बोटानं दाबलं, सोडलं.

"तें आसा," तो म्हणाला. "चवथीच्यो नेवऱ्यो दर वर्साक तीच करताली. औंदा बाजारांतल्यो हाडल्यो. कोणेंच खाल्ल्यो नात."

नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्या. भोक न पाडता नाण्याभोवती चांदीची पातळ कड बसवतो, वर कडी लावतो, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं.

"वर कोण हवं? राजा की डोंगर?"

"राजाक कोण वळखता? डोंगर."

त्या कामात मी जितका जीव ओतला तितका कुठल्या नवरीच्या मंगळसूत्रात ओतला नसेल. सुनीता दोनदा येऊन बघून गेली. स्मशानातून काही तरी लग्नघरी चाललंय, एवढंच म्हणाली, आणि मखमलीची डबी तिनंच शोधून दिली.

भाऊबीजेच्या दुपारी फोन वाजला. लक्ष्मीवयनीचा.

"शेटानू, भावान ओवाळणी घातली, 'तुज्या जर्मनाचें' म्हणून. नाणें बरें दिसता. तुमी सांगलें न्हय काय त्याका, हांवेंच पुरल्लें तें?"

"मी काही सांगितलं नाही, वयनी. शपथ."

"तर मग ताका कसें कळ्ळें?"

"ते त्यालाच विचारा. जेवण झालं?"

"जालें. जेवता जेवता त्याणें परत विचारलें, मुंबयचो एक गिऱ्हाईक आसा, शेत विकूया काय म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाका म्हटलें. आतां जिबेक सवय जाली."

पाठीमागून सदानंदाचा आवाज आला, तोंडात काही तरी भरलेलं होतं. "शेटानू, तिका सांगा, हळू हळू सवय कर म्हणून!"